रंगावरून पलटण ओळखताना

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यात माळ्यावरच्या पेट्या उघडल्या की फौजी पूर्वजाचा फोटो, निदान एखादा बिल्ला तरी निघतो. आजोबा लष्करात होते एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. कुठल्या पलटणीत होते, ते सांगणारं माणूस गेलेलं असतं. अशा घरांना पलटण शोधून देता देता जे शिकलो, ते इथे लिहितो.

1. आधी कॉलर आणि मनगट बघा, चेहरा नंतर.
कंपनी सरकारच्या पायदळात बहुतेकांचा कोट लालच. पलटणीची ओळख असायची ती कॉलर आणि मनगटपट्टीच्या वेगळ्या रंगात. त्याला फेसिंग म्हणत. बंदुकीच्या धुरात आपली माणसं कुठली ते कळावं, हा त्याचा उपयोग. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आजही ‘काळी पाचवी’ म्हणवते. ही मूळची मुंबई फौजेची पाचवी पलटण आणि तिची फेसिंग काळी. पुढे तिला 105 नंबर मिळाला, 1922 साली तोही गेला, लाल कोट तर केव्हाच गेला होता. पण काळी पाचवी ती काळी पाचवीच राहिली. इंग्लंडातही असंच घडलं. अठराव्या शतकात तिथे दोन पलटणींचे कर्नल हॉवर्ड आडनावाचे निघाले, तेव्हा हिरव्या फेसिंगवाले ते ‘ग्रीन हॉवर्ड्स’ असं नाव पडलं आणि ते अडीचशे वर्षं टिकलं. सरकार नंबर बदलतं. शिपायांच्या तोंडी बसलेला रंग बदलणं सरकारच्या हाती नसतं, असं माझं ठाम मत आहे.

2. जुन्या फोटोतला काळा रंग काळाच असेल असं समजू नका.
त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन दिसे, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे पिवळी फेसिंग फोटोत गडद उमटते आणि निळी फिकट. पिवळ्या फेसिंगच्या पलटणी तेव्हा होत्या, तेव्हा नुसत्या फोटोवरून ‘काळी पाचवी’ असा शिक्का मारणं धोक्याचं. स्टुडिओत हाताने रंगवलेले फोटो तर पुरावा म्हणून धरूच नयेत. रंगवणाऱ्याच्या बशीत जो रंग असेल, तो कॉलरला लागे.

3. खाकी आली तरी रंग उरला, फक्त लहान जागेत गेला.
1846 साली पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पथकाने खाकी आधी स्वीकारली. 1857 च्या धामधुमीत पांढरे कपडे चहात बुडवूनसुद्धा मळकट करण्यात आले. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर तर दुरून दिसणं म्हणजे मरण. मग रंग टोपीवर, खांद्यावर, छातीवरच्या फितीत शिरला. मराठ्यांच्या टोपीवरचा हॅकल, म्हणजे तुरा, हिरवा-लाल-हिरवा. बेरे टोपी हिरवी असेल तर पायदळ, काळी असेल तर रणगाडे, मरून असेल तर छत्रीधारी.

4. टोपीचा रंग बदलला म्हणून पलटण बदलली असं नाही.
एका घरात भिंतीवर दोन फोटो शेजारी होते. आजोबांच्या टोपीवर मराठ्यांचा बिगुलाचा बिल्ला, नातवाच्या डोक्यावर मरून बेरे. “हा आजोबांच्या पलटणीत गेला नाही,” असं घरातली म्हातारी हळहळून सांगत होती. कागद पाहिले तर आजोबा मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनचे, नातू 2 पॅराचा. ही एकच पलटण. आधी ती 110 नंबरची होती, 1922 साली मराठ्यांची तिसरी झाली आणि 1952 पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले, ते याच बटालियनमधून. 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलवर छत्रीने उतरली तीही हीच. म्हातारीला हे समजावलं तेव्हा तिने दोन्ही फोटो उतरवून पदराने पुसले.

5. रंगावरून जात काढू नका.
जुन्या मुंबई फौजेत एकाच पलटणीत, एकाच फेसिंगखाली मराठा आणि महार दोघेही उभे असत. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनवर आलेल्या महार सुभेदार-हवालदारांची घरं कितीतरी होती. पुढे 1890 नंतरच्या दशकात महारांची भरती बंद झाली आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांना अर्ज करत झगडावं लागलं. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडलं. आडनाव न लिहिलेला फोटो दिसला की लोक घाईने निष्कर्ष काढतात. त्यात या माणसांवर अन्याय होतो.

6. फीत फेकू नका आणि पदक घासू नका.
इंद्रधनुष्यासारखी फीत म्हणजे पहिल्या महायुद्धाचं विजयपदक. मधे नारिंगी, कडेला पांढऱ्या, काळ्या, निळ्या रेघा असतील तर त्याच युद्धाचं चांदीचं पदक. तेच काशाचं असेल तर पणजोबा बहुधा हमाल-मजूर पथकात होते, आणि त्यांची नोंद त्या कागदांत शोधायची. आमच्या दमट हवेत फितीला कसर फार लवकर लागते. ती सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावी. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. गणपतीत देवाच्या भांड्यांबरोबर पदकही चिंच-रांगोळीने लखलखीत करायची पद्धत कित्येक घरांत आहे. घासून ही अक्षरं झिजतात. तसं न करता कडेवरची अक्षरं भिंगाने वाचून वहीत उतरवून घ्या.