होमब्रू क्लब : ज्ञानाची देवाणघेवाण आणि श्रमाचे मोल

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी माणसे आज अनेक शहरांत ठरावीक दिवशी एकत्र जमतात, आपले काम परस्परांना दाखवतात, अडचणी मांडतात. अशा मेळाव्यांचे मर्म जाणून घ्यायचे तर कॅलिफोर्नियातील 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'चा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते.

१९७५ च्या आरंभी 'अल्टेअर ८८००' हा संगणक सुट्या भागांच्या रूपात सुमारे ४०० डॉलरला मिळू लागला. त्याला ना पडदा होता, ना कळफलक. खटके वरखाली करून आज्ञा द्यायच्या आणि दिव्यांवरून उत्तर ओळखायचे! एकट्यादुकट्याला हे पेलणारे नव्हते. या गरजेपोटीच ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये सुमारे तीस हौशी मंडळी जमली.

पुढे सभा वाढल्या. सूत्रसंचालक ली फेल्सेनस्टाइन यांनी सभेचे दोन भाग पाडले. पहिल्या भागात ज्याने त्याने उभे राहून आपल्याजवळ काय आहे व आपल्याला काय हवे आहे, ते सांगायचे. दुसऱ्या भागात ज्याच्याशी काम असेल त्याला सभागृहात गाठायचे. येथे वक्ता आणि श्रोता असा कायमचा भेद उरला नाही. स्टीव्ह वोझ्नियाक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे याच सभांतून फुकट वाटले. तोच संगणक १९७६ मध्ये 'ॲपल १' म्हणून बाजारात आला.

परंतु या औदार्याला दुसरी बाजूही होती. बिल गेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्टेअरसाठी 'बेसिक' ही संगणकभाषा तयार केली होती. तिची कागदी फीत कोणीतरी उचलली आणि तिच्या प्रती क्लबात वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. यंत्राचे पैसे मोजता, मग आज्ञावली लिहिणाऱ्याच्या श्रमाचे का नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या पत्राने अनेक सभासद संतापले. टॉम पिटमन या सभासदाने मात्र वेगळा मार्ग काढला. त्यांनी 'टायनी बेसिक' ही छोटी आवृत्ती लिहून अवघ्या ५ डॉलरला विकली आणि लोकांनी ती विकत घेतली.

या दोन प्रसंगांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. वोझ्नियाक यांनी स्वतःचे आराखडे स्वतःहून दिले. फीत मात्र कर्त्याला न विचारता वाटली गेली. पहिले दान होय. दुसऱ्याला दान म्हणता येणार नाही.

डिसेंबर १९८६ मध्ये क्लबाची अखेरची सभा झाली. त्यात उपस्थित झालेला प्रश्न मात्र संपलेला नाही. परीक्षेच्या तोंडावर मित्राच्या टिपणवहीची नक्कल हातोहात फिरते, तेव्हा आपल्यापुढेही तोच प्रश्न उभा असतो. ज्ञान वाटावे हे खरेच. पण ज्याने ते कष्टाने मिळवले, त्याला आधी विचारावे आणि आपल्याजवळचेही काही त्याला द्यावे. ज्या मेळाव्यात एवढे भान राहते, तेथे देणाऱ्याचा हात आखडत नाही.