भ्रम झालेल्या मनुष्यास प्रथम कोठे न्यावे?

पांढरकवड्याच्या आसपास एखादा मनुष्य एकाएकी नसलेल्या माणसांशी बोलू लागला, किंवा घरचेच आपणास विष घालितात असे म्हणू लागला, की करणीचा बोभाटा होतो व भगतास बोलावणे जाते. आमची उपदेशक बंधूंस विनंती आहे की, त्यांनी प्रथम इतके विचारावे: हे केव्हा सुरू झाले? ताप आहे काय? फवारणी केली होती काय? रोजची दारू एकदम सोडली काय?

हा मुलूख कपाशीचा. सन 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो रुग्णालयात पडली. मोनोक्रोटोफॉससारखे विष कातडीतूनही अंगात शिरते. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बुद्धी भ्रमते. अशास कपडे उतरवून साबणाने धुवावे व तत्काळ दवाखान्यात न्यावे.

पुढची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ह्या विषावर ॲट्रोपिन टोचितात. धोतऱ्यातही हे द्रव्य असते. त्याची मात्रा अधिक झाली म्हणजे तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात आणि रोगी चादर चाचपीत भलतेच पाहू लागतो. नातलग भिऊन त्यास उचलून घरी नेतात, आणि तेथे तो प्राणास मुकतो. त्यांनी डॉक्टरांस सांगावे; मात्रा उतरविली की भ्रमही उतरतो.

एका दिवसात दारू टाकणाऱ्याची मंडळीत फार वाहवा होते. परंतु रोज पुष्कळ पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांनी हात कापतात, अंगावर किडे चालताना दिसतात, आणि मृत्यूही येऊ शकतो. त्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

मेंदूत चढलेला हिवताप, विषमज्वर, म्हाताऱ्या माणसांत लघवीचा दाह, ह्यांनीही भ्रम होतो. ताप व भ्रम एकत्र दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

ह्यांपैकी काहीच नसून महिनोगणती आवाज ऐकू येत असतील, तर तो स्किझोफ्रेनियासारखा आजार असू शकतो. त्यास औषधे आहेत. 14416 ह्या सरकारी दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो व नागपुरास मनोरुग्णालय आहे. अशा रोग्यास साखळीने बांधणे सन 2017 च्या कायद्याने मना आहे, आणि भूत काढण्याच्या नावाने मारणे हा महाराष्ट्रात सन 2013 पासून गुन्हा आहे.

दवाखान्यात जाताना फवारणीच्या औषधाची बाटली बरोबर न्यावी.