विटांची सांधमोड

गवंडी भिंत बांधत असतो तेव्हा त्याच्याजवळ दहा मिनिटे उभे राहून पाहा. दोरी ताणलेली असते, ओळंबा लोंबत असतो आणि थापीने माल पसरून तो विटेमागून वीट बसवत जातो. मधूनच तो एक चांगली अखंड वीट उचलतो, तिला लांबीच्या दिशेने उभी चिरतो आणि तिचा चिंचोळा तुकडा कोपऱ्यापासून दुसऱ्या जागी बसवतो. चांगली वीट त्याने का फोडली? घरमालकाला हा निव्वळ नासाडीचा प्रकार वाटतो. पण गवंडी चुकत नसतो.

हे कोडे सोडवण्यासाठी तीसएक रिकाम्या काड्यापेट्या जमवा. त्या एकावर एक बरोबर रचून पाच-सहा उतरंडी तयार करा आणि त्या एकमेकींना खेटून उभ्या करा. दिसायला ही भिंतच झाली. आता मधल्या एका उतरंडीला बोटाने हलकेच ढकला. तेवढीच उतरंड कोसळेल, शेजारच्या जागच्या हलणार नाहीत. आता त्याच पेट्या अशा रचा, की खालच्या दोन पेट्यांच्या सांध्यावर वरच्या पेटीचा मध्य येईल. पुन्हा ढकला. या वेळी शेजारच्या पेट्या मदतीला धावतात. एका थरातील उभा सांधा पुढच्या थरात मोडण्याच्या या पद्धतीला सांधमोड म्हणतात. बांधकामावर ‘बाँड’ हाही शब्द ऐकू येतो.

सांधमोडीचा दुसरा फायदा भार वाटून देण्याचा. समजा, वरच्या थरातील एका विटेवर १६ किलोग्रॅम भार आला. उतरंडीत तो १६ किलोग्रॅम तसाच तळापर्यंत जाईल. सांधमोड असेल तर त्या विटेखालच्या दोन विटांवर ८-८ येईल. त्याखालच्या थरात ४, ८, ४. मग २, ६, ६, २. आणि पाचव्या थरात १, ४, ६, ४, १. हे आकडे ओळखीचे वाटले का? हाच पास्कलचा त्रिकोण. पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकात याच मांडणीला मेरुप्रस्तार म्हटले होते. प्रत्येक वीट आपला भार अगदी निम्मानिम्मा वाटते असे आपण येथे धरले आहे. खऱ्या भिंतीत वाटणी इतकी नेमकी होत नाही, पण भार पसरतो हे खरे.

आता विटेच्या मापाकडे वळू. आपल्याकडील प्रमाणित वीट १९ सें.मी. लांब, ९ सें.मी. रुंद आणि ९ सें.मी. उंच असते. ही मापे उगीच ठरवलेली नाहीत. दोन रुंद्या आणि मधला १ सें.मी.चा मालाचा सांधा मिळून ९ + १ + ९ म्हणजे १९ होतात. म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन विटांवर तिसरी वीट आडवी बरोबर बसते. गावच्या भट्टीतील विटा मात्र इतक्या शिस्तीच्या नसतात. मग सांधा कमीजास्त करून गवंडी वेळ निभावून नेतो.

आडवी वीट कशाला हवी? एक वीट जाडीची, म्हणजे १९ सें.मी.ची भिंत घ्या. सगळ्याच विटा भिंतीच्या लांबीच्या दिशेने लावल्या तर आतबाहेर दोन ओळी होतील. समोरून सांधमोड उत्तम दिसेल, पण आत दोन ओळींमध्ये एक उभी फट पायापासून माथ्यापर्यंत गेलेली असेल. ही एक भिंत नव्हे, पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन पातळ भिंती होत. शंभर पानी वही वाकवून पाहा. पानांच्या कडा एकमेकींवरून सरकतात आणि वही सहज वाकते. तीच पाने डिंकाने चिकटवली की ताठ पुठ्ठा होतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की विरोध आठपट होतो. दोन सुट्या पातळ भिंतींचा विरोध मात्र मिळून दुप्पटच. विटा तेवढ्याच, माल जवळपास तेवढाच, आणि फरक चौपटीचा!

म्हणून काही विटा भिंतीच्या जाडीत आडव्या घालतात. त्यांची फक्त ९ सें.मी.ची डोकी बाहेर दिसतात, म्हणून त्यांना ‘हेडर’ म्हणतात. लांब बाजू दिसणारी ती ‘स्ट्रेचर’. एक थर हेडरचा व एक स्ट्रेचरचा असे आलटून पालटून घातले की ‘इंग्लिश बाँड’ होतो. एकाच थरात दोन्ही एकाआड एक घातल्या की ‘फ्लेमिश बाँड’. दुसरा दिसायला अधिक देखणा, पण माझे मत विचाराल तर जाड भिंतीला पहिलाच बरा.

आता चिरलेली वीट. कोपऱ्यापासून मोजले तर स्ट्रेचरच्या थरात उभे सांधे साधारण २०, ४०, ६० सें.मी. अंतरावर येतात. हेडरच्या थरात ते १०, २०, ३०, ४० वर येतात. म्हणजे २०, ४०, ६० येथे सांध्यावर सांधा आला! कोपऱ्यातील पहिल्या हेडरनंतर तो चिंचोळा तुकडा घातला, की सांध्यासह ५ सें.मी. सरकतात आणि पुढचे सांधे १५, २५, ३५, ४५ असे पडतात. आता एकही सांधा जुळत नाही. गवंड्याने वीट फोडली ती यासाठी.

कोपऱ्यात आणखी एक गंमत असते. पूर्वेकडून हेडर दिसणारी कोपऱ्यातील वीट उत्तरेकडून पाहिली तर स्ट्रेचर असते. वरच्या थरात याच्या उलट. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा दोन भिंती येथे गुंततात. ही गुंतवण भूकंपात फार महत्त्वाची ठरते. जाड कागदाची एक लग्नपत्रिका टेबलावर कडेवर उभी करा. फुंकर मारताच ती पडेल. तीच काटकोनात दुमडून उभी केली तर टिकेल. जमीन हादरते तेव्हा हादऱ्याच्या दिशेत असलेली भिंत बळकट असते, तर त्या दिशेला आडवी असलेली भिंत पत्रिकेसारखी दुबळी असते. कोपरा पक्का असेल तर बळकट भिंत दुबळीला धरून ठेवते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. तेथील घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट जाड होत्या. इतकी जाड भिंत पडलीच कशी? कारण अनेक ठिकाणी ती एक भिंत नव्हतीच. आतला एक पापुद्रा, बाहेरचा एक पापुद्रा आणि मध्ये माती व दगडांचे तुकडे, अशी तिची रचना होती. दोन्ही पापुद्र्यांना जोडणारे आरपार दगड फारसे नव्हते. हादऱ्याबरोबर पापुद्रे फुगून सुटे झाले आणि माळवदाचे प्रचंड वजन झोपलेल्या माणसांवर आले. त्याच वर्षीच्या भारतीय मानकात दगडी भिंतीसाठी नियम आहे: दर ६० सें.मी. उंचीला, आडव्या अंतरात १.२ मीटरपेक्षा लांब नाहीत असे, भिंतीच्या पूर्ण जाडीचे दगड घालावेत. लांब दगड मिळत नसतील तर आकडे वळवलेली लोखंडी सळई काँक्रीटमध्ये गाडूनही तेच काम होते. विटांच्या भिंतीतला हेडर आणि हा आरपार दगड हे सख्खे भाऊच.

हे सारे शिकवणाऱ्या माझ्याच घरी मागच्या बाजूला एक खोली वाढवली, तेव्हा मी कॉलेजच्या परीक्षांत गुंतलो होतो. नवी भिंत जुनीला नुसती टेकवली गेली. जुन्या भिंतीत एकाआड एक थरात खाचा पाडून नव्या विटा त्यांत घुसवायला हव्या होत्या. गिलावा झाल्यावर काहीच दिसत नव्हते. दोन पावसाळ्यांनंतर त्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत ओळंब्यात एक सरळ उभी भेग पडली. सांधमोड असलेल्या भिंतीचा पाया खचला तर बहुधा भेग जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढते, कारण तिला सांध्यांतून वाट काढावी लागते. माझ्या भेगेला सरळ रस्ताच मिळाला होता. दोनदा सिमेंटने बुजवली, दोन्ही वेळा उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली. अखेर गवंड्याला बोलावून थराआड थर विटा काढल्या आणि दोन्ही भिंती विटांनी गुंतवून घेतल्या. त्या कामाला चार दिवस लागले. मूळ बांधकामाच्या वेळी एक सकाळ पुरली असती.