इंजिनाचा श्वास
ट्रकच्या इंजिनात इंधन जळते, तेव्हा थोडे वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतात. तेथे त्यांत तेलाचे सूक्ष्म थेंब मिसळतात. अनेक इंजिनांत हे वायू हवा आत घेणाऱ्या मार्गात परत सोडले जातात. धुराचा काही भागही त्याच मार्गाने फिरत असेल, तर तेलावर काजळी चिकटून मार्ग अरुंद होतो. म्हणून वायूच्या नळीत मध्येच ‘ऑइल कॅच कॅन’ नावाचा डबा बसवतात. त्यातील जाळीवर तेल अडते व तळाशी साचते. मात्र डबा वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो. तो तुंबला, तर क्रँककेसमधील दाब वाढून सीलमधून तेल गळू लागते. डबा नेहमीपेक्षा लवकर भरू लागला, तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. यासाठी प्रत्येक वेळी किती तेल निघाले, याची नोंद चालकाने ठेवावी.