बालवीर चळवळ आणि आपल्या खेड्यांतील मुलें

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठीं व तरुणसंघांसाठीं अभ्यासपाठ)



दोंडाईचा व आसपासच्या मंडळ्यांतील उपदेशक एकच गाऱ्हाणें वारंवार सांगतात. मूल दहा वर्षांचें होईपर्यंत शब्बाथशाळेंत आनंदानें येतें. बारातेरा वर्षांचें झालें कीं मागें दाराजवळ बसूं लागतें. आणि पंधराव्या वर्षीं दिसेनासें होतें. लहानांसाठीं आपणांपाशीं गोष्टी आहेत, वडिलांसाठीं उपदेश आहे. पण मधल्या वयाच्या मुलासाठीं काय आहे? हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं विलायतेंतील एका शब्बाथशाळेच्या शिक्षकास पडला होता, आणि त्याच्या उत्तरांतून पुढें जी बालवीर चळवळ वाढली तिचा विचार या पाठांत करावयाचा आहे.

1. चळवळीचा उगम

स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं विल्यम अलेक्झांडर स्मिथ नांवाचे गृहस्थ शब्बाथशाळेंत शिकवीत असत. मोठीं होत चाललेलीं मुलें वर्गांत स्वस्थ बसत नाहींत, हें पाहून त्यांनीं मुलांस दोष दिला नाहीं. त्यांच्या अंगच्या चळवळ्या स्वभावास योग्य काम द्यावें असें ठरविलें. ता. 4 ऑक्टोबर 1883 रोजीं त्यांनीं ‘बॉइज ब्रिगेड’ या नांवानें मुलांचें पथक काढिलें. त्यांत कवाईत, खेळ व शास्त्रपाठ हीं एकत्र होतीं.

रॉबर्ट बेडन पॉवेल यांचा जन्म ता. 22 फेब्रुवारी 1857 रोजीं लंडन येथें झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक व ऑक्सफर्ड येथें भूमितीचे अध्यापक होते. पुत्र तीन वर्षांचा असतांनाच ते निवर्तले. बेडन पॉवेल 1876 सालीं सैन्यांतील अधिकारी म्हणून हिंदुस्थानांत आले, आणि रानांत माग काढणें, थोडक्या खुणांवरून पुष्कळ ओळखणें या विद्येचा त्यांस नाद लागला. पुढें दक्षिण आफ्रिकेंत माफेकिंग गांवास 1899 ते 1900 मध्यें 217 दिवस वेढा पडला. त्या वेळीं गांवांतील मुलांचें एक पथक निरोप पोहोंचविण्याच्या कामीं लाविलें होतें. मुलावर विश्वास टाकिला तर तें विश्वासास पात्र ठरतें, ही गोष्ट बेडन पॉवेल यांच्या मनांत तेथें ठसली.

स्मिथ यांनीं त्यांस आपल्या पथकांची पाहणी करण्यास बोलाविलें, आणि या रानविद्येचें शिक्षण मुलांच्या उपयोगीं पडेल अशा रीतीनें मांडण्याचा आग्रह केला. त्याप्रमाणें 1907 च्या ऑगस्ट महिन्यांत ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी भरली. त्यांत कांहीं मुलें श्रीमंतांच्या शाळांतील होतीं व कांहीं कामकरी घरांतून आलेलीं होतीं. तीं एकाच तंबूंत निजलीं व एकाच पंगतीस जेवलीं. पुढील वर्षीं, 1908 सालीं, बेडन पॉवेल यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि मुलें आपण होऊन टोळ्या करूं लागलीं. 1910 मध्यें मुलींसाठीं निराळी संस्था निघाली.

याहून लहान वयाच्या मुलांसाठीं 1916 सालीं जी शाखा निघाली, तिच्यासाठीं किपलिंग यांच्या रानच्या गोष्टी आधारास घेतल्या. हे ग्रंथकार 1865 सालीं मुंबईंत जन्मले होते, आणि त्या गोष्टींतील रान म्हणजे शिवनीच्या टेकड्या होत. आपल्या उत्तरेस जो सातपुडा दिसतो, तोच पूर्वेकडे जात जात त्या प्रदेशास पोहोंचतो. लहान बालवीरांच्या नायकास ‘अकेला’ म्हणतात. हा आपल्या देशांतला शब्द त्या मार्गानें जगभर गेला आहे.

2. आपल्या देशांतील बंद दार

हिंदुस्थानांत पहिलें पथक 1909 सालीं कॅप्टन बेकर यांनीं बंगळूर येथें काढिलें. परंतु हीं आरंभींचीं पथकें युरोपियन व अँग्लोइंडियन मुलांसाठीं होतीं. हिंदी मुलांस त्यांत प्रवेश नव्हता. ज्या चळवळीच्या नियमांत बालवीर हा सर्वांचा मित्र व प्रत्येक बालवीराचा भाऊ असे लिहिलें होतें, तिच्याच दारांत हा भेद उभा होता.

आपल्या लोकांनीं दार उघडण्याची वाट पाहिली नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मद्रासेकडे डॉ. ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनीं हिंदी मुलांसाठीं निराळी संस्था स्थापिली. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवासमितीचीं बालवीर पथकें चालविलीं. यात्रेच्या गर्दींत लोकांस साहाय्य करणें हें त्यांचें मोठें काम असे. मध्य प्रांत व वऱ्हाड या भागांत व्हिव्हियन बोस यांनीं या कार्यास वाहून घेतलें. तेच पुढें नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. 1921 सालीं बेडन पॉवेल या देशांत आले, आणि बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेंत मिळाली. सेवासमिति मात्र निराळीच राहिली. 1937 सालीं हिंदी लोकांच्या शीलाविषयीं बेडन पॉवेल यांच्या नांवें जे उद्गार प्रसिद्ध झाले, त्यांनीं पुष्कळांचीं मनें दुखावलीं, आणि 1938 मध्यें ‘हिंदुस्थान स्काउट असोसिएशन’ उभें राहिलें.

हे सर्व निरनिराळे प्रवाह स्वातंत्र्यानंतर एक झाले. ता. 7 नोव्हेंबर 1950 रोजीं ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली, व पुढील वर्षीं मुलींची संस्थाही तिला येऊन मिळाली. मुलींच्या कार्याचा आरंभ आपल्या देशांत 1911 सालींच जबलपूर येथें झाला होता. आपल्या पुणें शहरीं ‘संगम’ नांवाचें गाइड मुलींचें जागतिक केंद्र आहे. त्याचें उद्‌घाटन ता. 16 ऑक्टोबर 1966 रोजीं लेडी बेडन पॉवेल यांच्या हस्तें झालें.

या इतिहासांतून शिक्षकानें एक गोष्ट मनांत धरावी. चांगल्या कामाचा आरंभ करणाऱ्यांच्या हातूनही दार बंद राहूं शकतें. आपण गांवांत मुलांचें पथक काढूं तेव्हां भिल्लाचा मुलगा, गांवकुसाबाहेरचा मुलगा, मुसलमानाचा मुलगा यांपैकीं कोणासाठीं आपलें दार बंद राहणार आहे, हें अगोदर स्वतःस विचारावें.

3. टोळीची रचना

या शिक्षणाचें मर्म गणवेषांत नाहीं, टोळींत आहे. सहा ते आठ मुलांची एक टोळी असते. तिचा नायक त्यांच्यांतलाच एक मुलगा असतो. अशा दोनतीन टोळ्या मिळून पथक होतें. मोठ्या माणसानें हुकूम सोडीत बसावयाचें नसून, नायकास शिकवून बाजूस उभें राहावयाचें असतें. पाणी कोणीं भरावें, चूल कोणीं पेटवावी, मागें राहिलेल्यास कोणीं बरोबर घ्यावें, हें टोळी आपणच ठरविते. अशा रीतीनें प्रत्येक मुलाच्या वाट्यास कांहीं तरी असें काम येतें कीं, तें त्यानें न केल्यास इतरांचें अडेल. आपल्या शब्बाथशाळेंत मोठ्या मुलाचा जीव कां रमत नाहीं, याचें कारण येथें सांपडतें. तेथें तो आला नाहीं तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं.

दुसरें अंग म्हणजे वचन. ईश्वराप्रत व देशाप्रत आपलें कर्तव्य करणें, सर्व काळ दुसऱ्यास साहाय्य करणें व नियम पाळणें, असें वचन मुलगा आपल्या प्रतिष्ठेवर स्वतः देतो. ईश्वर या शब्दाऐवजीं धर्म असें म्हणण्याची मोकळीक आहे. नियम आहेत ते विश्वासूपणा, निष्ठा, मैत्री, विनय, प्राणिमात्रांवर व सृष्टीवर प्रेम, शिस्त, धैर्य, काटकसर आणि विचार, उच्चार व आचार यांची शुद्धता यांविषयींचे. शिवाय रोज एक तरी सत्कृत्य करावें व त्याचा मोबदला घेऊं नये, अशी रीत आहे. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं.

4. खानदेशांतील मुलाचें भांडवल

इंग्लंडांतील शहरी मुलास ज्या गोष्टी छावणींत नेऊन शिकवाव्या लागल्या, त्यांतील पुष्कळ आपल्या मुलांस घरींच येतात. आपला भिल्ल मुलगा धुळींतल्या पाउलावरून जनावर ओळखतो. कोणतें लांकूड धूर न करतां जळतें, तापीचें पाणी कोठें उतारूं देतें, हें तो जाणतो. हें ज्ञान अडाणीपणाची खूण नव्हे, विद्या आहे, असें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. शिक्षकानें पहिल्या दिवशीं हेंच सांगावें.

मग जें येत नाहीं तें शिकवावें. साप चावल्यास काय करावें हें आपल्या शेतकरी घरांत प्रत्येकास ठाऊक असलें पाहिजे. दंशाची जागा कापूं नये, चोखूं नये, दोरीनें घट्ट आवळूं नये. रोग्यास धीर देऊन निजवावें, तो अवयव फळी बांधून हलूं देऊं नये, आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडतां 108 या क्रमांकावर गाडी बोलावून सरकारी दवाखान्यांत न्यावें. उन्हाळ्यांत ऊन लागलेल्यास सावलींत आणून अंग ओल्या फडक्यानें थंड करावें. बुडणाऱ्याच्या मागें पोहतां न येणाऱ्यानें उडी घालूं नये. काठी, दोर किंवा धोतर फेंकावें. एवढें तीन टोळ्यांस नीट आलें तरी वर्ष वायां गेलें नाहीं असें समजावें.

आपल्याच लोहमार्गावरील अमळनेर येथें साने गुरुजी 1924 ते 1930 पर्यंत शिक्षक होते व छात्रालयाचें काम पाहत असत. ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांचें अंथरूण नीट करीत. तें बालवीर पथक नव्हतें. पण मुलांस सेवा शिकवावयाची असेल तर ती अगोदर त्यांच्या डोळ्यांपुढें करावी लागते, हें त्यांच्या उदाहरणावरून कळतें.

5. तीन आक्षेप

कोणी म्हणतात, ही शिपाईगिरी आहे. संस्थापक सैनिक होते हें खरें. परंतु आपल्या पुस्तकास त्यांनीं सुनागरिकत्वाच्या शिक्षणाचें पुस्तक असें म्हटलें होतें, आणि बालवीराच्या हातीं शस्त्र नसून काठी व दोर असतो.

कोणी म्हणतात, खर्च फार. संस्थेचें नांव व बिल्ला नोंदलेल्या पथकांसच वापरतां येतो. म्हणून जवळच्या माध्यमिक शाळेंत पथक असल्यास मुलांस त्यांत घालावें. नसल्यास टोळीची पद्धत आपल्या मंडळींत चालविण्यास खाकी कपड्यांची गरज नाहीं. ऊसतोडीस गुजराथेंत जाणाऱ्या घरचा मुलगा कपड्याअभावीं बाहेर राहिला, तर ती टोळी पहिल्याच दिवशीं नापास झाली असें समजावें. तो दिवाळीनंतर गेला तरी त्याची जागा राखून ठेवावी.

तिसरा आक्षेप आपल्याच घरांतून येतो. यांतून किती जण मंडळींत येतील, असें विचारतात. बंधूंनो, टोळी हें जाळें नव्हे. दुसऱ्या धर्माचा मुलगा आपल्या घरच्या धर्माचें कर्तव्य करण्याचें वचन देतो, तें वचन पाळण्यास आपण त्यास साहाय्य करूं. आणि आपला मुलगा आपलें वचन पाळतो कीं नाहीं, हें तो रोज जवळून पाहील. याहून अधिक साक्ष कोणतें पथक देणार?

6. आरंभ कसा करावा

पहिल्या महिन्यांत सहाच मुलें घ्यावीं व आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवावी. दुसऱ्या महिन्यांत नायक त्यांनींच निवडावा. तिसऱ्या महिन्यांत गांवाचें एक काम अंगावर घ्यावें: विहिरीभोंवतालचा चिखल काढणें, किंवा एकट्या राहणाऱ्या म्हातारीस पाणी भरून देणें. तें काम चार महिने खंड न पाडतां चाललें तरच दुसरी टोळी काढावी. मुलींची टोळी निराळी असावी, व तिच्याकडे एखाद्या जाणत्या बाईनें लक्ष द्यावें.

विचारासाठीं प्रश्न

1. आपल्या मंडळींतील बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचीं नांवें लिहा. त्यांतील कोणाकडे मंडळीचें एक तरी काम सोंपविलेलें आहे?

2. ब्राउनसीच्या छावणींत निरनिराळ्या स्थितींतील मुलें एकत्र कां ठेविलीं असतील? आपल्या गांवांत तसें करण्यास कोणाची अडचण होईल?

3. हिंदी मुलांस प्रवेश नसतां आपल्या पुढाऱ्यांनीं काय केलें? त्यापासून आपण काय शिकावें?

4. सर्पदंशावर करावयाचे उपाय व टाळावयाच्या गोष्टी मुलांकडून तोंडीं म्हणवून घ्या, व एकास रोगी करून प्रत्यक्ष करवून पाहा.