वावड्यावर वावड्याचाच उतारा

पावसाळा ओसरू लागला की कोल्हापूर जिल्ह्यात रस्त्यांच्या कडा, शेतांचे बांध, पडीक जागा आणि शाळांची आवारे काँग्रेस गवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. गाजरगवत या नावानेही ओळखले जाणारे हे तण मूळचे अमेरिका खंडातील. भारतात ते १९५५ साली पुण्यात प्रथम आढळल्याची नोंद असून पुढे ते देशभर फैलावले. त्याचे परागकण श्वासावाटे आत गेल्यास काही व्यक्तींना सलग शिंका येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, तर काहींना दम लागतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी अशा अतिपावसाच्या पट्ट्यात ओलसर घरांतील बुरशी आणि अंथरुणाच्या धुळीतील सूक्ष्म कीटक यांची त्यात भर पडते.

असा त्रास असणारा विद्यार्थी वारंवार गैरहजर राहतो, शेतमजुराचे खाडे होतात. गोळी घेतली की आराम पडतो आणि तिचा अंमल सरला की त्रास पुन्हा सुरू होतो. हे चक्र मोडण्याचा प्रयत्न करणारी एक उपचारपद्धती शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे. ज्या पदार्थाचे वावडे, तोच पदार्थ अल्प व वाढत्या मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावणे, हे तिचे सूत्र होय. तिला इम्युनोथेरपी असे म्हणतात.

वावडे म्हणजे काय ?

रोगजंतूंना ओळखून त्यांचा नाश करणे हे शरीराच्या प्रतिकारसंस्थेचे कार्य आहे. परागकण हे रोगजंतू नव्हेत; बहुसंख्य लोकांच्या शरीराला ते आल्यागेल्याची दखलही घ्यावी लागत नाही. तथापि काही व्यक्तींची प्रतिकारसंस्था त्यांनाच शत्रू समजते. १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेला 'ॲलर्जी' हे नाव दिले. मराठीतील 'वावडे' हा शब्द त्याच्या पुष्कळच जवळ जाणारा आहे.

ही प्रतिक्रिया दोन टप्प्यांत घडते. पहिल्या संपर्कात कोणताही त्रास जाणवत नाही. मात्र शरीर त्या परागकणाविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड नाक, डोळे व श्वासनलिका यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तेच परागकण पुन्हा आले की त्यांतील प्रथिने या प्रतिपिंडांना चिकटतात आणि मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन व अन्य द्रव्ये बाहेर सोडतात. शिंका, खाज, सूज ही सर्व त्यांचीच करणी.

वावड्याचे कारण रक्तात असते हे १९२१ साली प्राउस्निट्झ व क्युस्टनर या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले. क्युस्टनर यांना माशाचे वावडे होते. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे तत्काळ गांध उठली. रक्तातील हा घटक म्हणजे आयजीई होय, हे निश्चित होण्यास मात्र १९६० नंतरच्या दशकाची अखेर उजाडली.

चुकीचा तर्क, योग्य उपचार

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागकणांचा अर्क रुग्णांना वाढत्या मात्रेने टोचून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परागकणांत विष असते आणि लसीने त्या विषावर उतारा तयार होतो, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली. परंतु रुग्णांना गुण येतो हे निरीक्षण टिकून राहिले. नून यांचे १९१३ साली क्षयाने निधन झाले व त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी हे कार्य पुढे चालविले.

शरीरात घडणारे बदल

परागकण नाकावाटे येतात ते अत्यल्प प्रमाणात आणि अनियमितपणे. उपचारात तीच प्रथिने त्याहून कितीतरी अधिक मात्रेत, ठरावीक अंतराने, त्वचेखाली टोचून अथवा जिभेखाली ठेवून दिली जातात. पदार्थ तोच, परंतु मार्ग, मात्रा आणि नियमितपणा बदलल्याने प्रतिकारसंस्था त्यातून वेगळा धडा घेते.

प्रथम मास्ट पेशी व त्यांच्यासारखे कार्य करणाऱ्या रक्तातील पेशी यांची चटकन चिडण्याची वृत्ती मंदावते. त्यानंतरच्या आठवड्यांत व महिन्यांत 'नियामक टी पेशी' वाढतात. इंटरल्यूकिन-१० सारखी द्रव्ये सोडून त्या इतर पेशींना आवर घालतात. शत्रूवर तुटून पडणे हे जसे प्रतिकारसंस्थेचे काम, तसेच कोठे थांबावे हे ठरविणे हेही तिचेच काम होय. या संयमाचा उलगडा करणाऱ्या संशोधनाबद्दल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तिसरा बदल प्रतिपिंडांचा. शरीर आता आयजीजी-४ या निराळ्या प्रकारचे प्रतिपिंड तयार करू लागते. परागकणाला हे प्रतिपिंड आधीच गाठतात आणि आयजीईपर्यंत पोहोचू देत नाहीत. वारंवार डंख सोसणाऱ्या मधुमक्षिकापालकांच्या रक्तातही हे प्रतिपिंड मोठ्या प्रमाणात आढळतात. आयजीई मात्र लगेच घटत नाही; प्रारंभी ते काहीसे वाढते व पुढे काही वर्षांत हळूहळू उतरते. म्हणून केवळ रक्ततपासणीतील आकडा पाहून उपचार निष्फळ ठरला असे समजणे योग्य नव्हे.

तीन वर्षांचा नेम

तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शेकडो जोर काढावयास लावीत नाहीत. संख्या बेताने वाढवितात आणि खाडा खपवून घेत नाहीत. या उपचाराचेही तसेच आहे. टोचण्याच्या पद्धतीत साधारणतः पहिले काही महिने दर आठवड्यास वाढती मात्रा आणि नंतर महिन्याकाठी एक कायम मात्रा दिली जाते. एकूण कालावधी किमान तीन वर्षांचा असतो. तीन ते चार वर्षे उपचार घेतलेल्यांमध्ये त्याचा लाभ पुढेही काही वर्षे टिकल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. उलट २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोनच वर्षांनी उपचार थांबविलेल्यांमध्ये पुढील वर्षी असा लाभ आढळला नाही. बरे वाटू लागताच मध्येच उपचार सोडणे म्हणजे खर्च व श्रम दोन्ही वाया घालविणे होय.

मर्यादा व दक्षता

हा उपचार सरसकट सर्वांसाठी नाही. काँग्रेस गवताला हात लागून त्वचेवर उठणारा, दिवसेंदिवस चिघळणारा इसब प्रामुख्याने टी पेशींमुळे होतो. त्याची तऱ्हा वेगळी. सूतगिरणीतील कापसाच्या धुळीने छातीत होणारी घुसमटही निराळी. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी आधी झाली पाहिजे. वावडे नेमके कशाचे आहे हे त्वचेवरील चाचणीने किंवा रक्ततपासणीने तज्ज्ञांनी निश्चित केल्यावरच उपचाराचा विचार करता येतो. दमा आटोक्यात नसताना तो सुरू करीत नाहीत.

सर्वांत मोठा धोका असा की, टोचला जाणारा पदार्थ हाच मुळी वावड्याचा पदार्थ असतो. क्वचित प्रसंगी अंगभर गांधी उठणे, घसा सुजणे, श्वास कोंडणे व रक्तदाब घसरणे अशी प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवते. काही मृत्यू घडल्यानंतर ब्रिटनमध्ये १९८६ साली या उपचारावर कडक निर्बंध घालण्यात आले. यास्तव ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि प्राणवायू तयार असलेल्या ठिकाणी, प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच ही लस घ्यावी व नंतर किमान अर्धा तास तेथेच थांबावे. घरी आणून कोणाकडूनही ती टोचून घेणे जिवावर बेतू शकते.

गावाचा वाटा

उपचार चालू असला तरी परागकणांचा मारा कमी करणे आवश्यकच असते. काँग्रेस गवत फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटणे, त्याच्या जागी टाकळा वाढू देणे, त्यावर उपजीविका करणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांचा उपयोग करणे हे उपाय ग्रामपंचायतींना सहज योजता येतील. मात्र शाळेच्या श्रमदानात विद्यार्थ्यांना उघड्या हातांनी हे गवत उपटावयास लावू नये. हातमोजे व तोंडाला कापड असावे आणि दमा किंवा वावडे असलेल्या मुलांना या कामातून वगळावे.

दर वर्षी ठरावीक महिन्यांत शिंकणारे, धाप लागणारे मूल शिक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. त्याला कामचुकार न समजता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखविणे हे त्याच्या उपचाराचे पहिले पाऊल ठरेल.