सहा टन पाणी आणि एक झिजलेला दाता

पळणाऱ्या ट्रॅक्टरपासून माणूस आपोआप चार हात लांब राहतो. उभ्या ट्रॅक्टरला मात्र लोक टेकून उभे राहतात, पोरं मडगार्डवर चढून बसतात. बेंगळुरूत आल्यापासून मला भीती वाटते ती या उभ्या ट्रॅक्टरची.

आमच्या सरजापूर रोडच्या बाजूला बोअर आटली की सोसायट्यांचं पाणी ट्रॅक्टरमागच्या टँकरनं येतं. 2024 च्या मार्चमध्ये टंचाई एवढी वाढली की जिल्हा प्रशासनानं टँकरचे दर बांधून दिले. 5 किलोमीटरच्या आत 6,000 लिटरला 600 रुपये. या दरांवर लिफ्टमध्ये, क्लबहाउसमध्ये, व्हॉट्सॲपवर महिनाभर काथ्याकूट झाला. त्या टँकरचा ब्रेक लागतो का, हे मात्र एकानंही विचारलं नाही. मीही नाही, आणि माझं तर आयुष्य यंत्रांचे लिव्हर, स्प्रिंगा आणि खाचा यांतच गेलेलं.

पाण्याची टाकी आमच्या बेसमेंटला, आणि तिकडे जाणारा रस्ता उताराचा. एके दिवशी टँकरचा ट्रॅक्टर उताराकडे तोंड करून उभा होता. टँकरचा पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर, इंजिननं फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालत होता, म्हणजे इंजिन चालू. ड्रायव्हर चिठ्ठीवर सही घ्यायला सिक्युरिटीच्या केबिनकडे गेला. मी म्हटलं, “अण्णा, चाकाला दगड तरी लाव.” तो हसून म्हणाला, “एनू आगल्ला सर.” काही होत नाही, सर. पाण्याची धार बारीक पडली म्हणून त्याच्या हेल्परनं फूटबोर्डवर चढून हँड थ्रॉटल वर ओढला. इंजिन गुरगुरलं, सगळा सांगाडा थरथरला, पेडलपाशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि ट्रॅक्टर निघाला. पोरगा उडी मारून बाजूला झाला. पाइप तुटून पाण्याचा फवारा भिंतीवर गेला. ट्रॅक्टर रॅम्पच्या खांबाला धडकून थांबला आणि पीटीओ तसाच फिरत राहिला. पाच मिनिटांपूर्वी त्याच खांबाशी शाळेच्या बसमधून उतरलेली पोरं उभी होती.

नंतर मोबाइलचा टॉर्च मारून मी खाली वाकून पाहिलं. ब्रेकचं पेडल दाबून ठेवणारी जी दातेरी पट्टी असते, तिचा एक दाता झिजून गुळगुळीत झाला होता. खिट्टीला दातात ओढून धरणारी स्प्रिंग जागेवर नव्हतीच. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला.

हे नीट समजून घ्या. एरवी ट्रॅक्टर उतारावर उभा करायचा तर इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकतात. ब्रेक सुटला तरी इंजिन अडवतं. पीटीओवर पंप चालवायचा असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवावाच लागतो. मग 6,000 लिटर, म्हणजे 6 टन पाणी, शिवाय टाकीचं लोखंड आणि खुद्द ट्रॅक्टर, एवढं सगळं ओझं त्या एका खिट्टीवर. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुतेक वेळा नसतातच. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा होताच, पण सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. ट्यूबचा तुकडा एका दिवसात येत नाही. तो मालकाला दिसलेला असतो, सर्व्हिसिंग करणाऱ्यालाही दिसलेला असतो.

आता थोडं लिव्हरविषयी. गिअरचा दांडा खाचेत ‘बसतो’ तो आत स्प्रिंगनं दाबलेल्या छर्र्यामुळे. हा छर्रा दांडा थरथरीनं हलू नये एवढंच काम करतो. कोपर लागलं, पँटचा पाय अडकला, पोरानं ओढलं, की तो सोडून देतो. लॉक असलेला लिव्हर वेगळा असतो. तो हलवायला दोन निराळ्या हालचाली लागतात. आधी कॉलर वर उचला, मग सरकवा. किंवा बटण दाबा, मग ओढा. किंवा आधी आडवा घ्या, मग पुढे ढकला. धक्क्यानं एक हालचाल होऊ शकते, दोन सहसा होत नाहीत. घराच्या दाराची नुसती लोटलेली कडी आणि फिरवलेली किल्ली यांत जो फरक, तोच इथे आहे. आपल्या ट्रॅक्टरवर परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून सीटवर बसा आणि प्रत्येक लिव्हरला मुद्दाम कोपरानं ढकला. जो हलला तो लॉक नाही.

पाय चिरडतात ते लिफ्टच्या लिव्हरनं. उचललेला रोटाव्हेटर हायड्रॉलिक तेलावर तोललेला असतो. सीटच्या उजव्या हाताचा लिव्हर खाली सरकला की तो पडतो, इंजिन बंद असलं तरी पडतो. बऱ्याच ट्रॅक्टरना सीटखाली एक गोल घुंडी असते. अवजार किती हळू उतरावं हे तिनं ठरतं, आणि ती पूर्ण बंद केली की तेलाची वाट अडते. रस्त्यावरून जाताना ती बंद हवीच. पाती बदलायला खाली वाकायचं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. लाकडी ओंडका किंवा स्टँड लावा, नाहीतर सरळ अवजार जमिनीवर टेकवून काम करा.

क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. तो बिघडला की गावोगावचे मेकॅनिक दोन वायरी एकत्र पिळून देतात. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश. पुढे कधीतरी कोणी खाली उभं राहूनच किल्ली फिरवतो, किंवा स्टार्टरवर पाना टेकवतो. गिअर पडलेला असतो आणि मागचं चाक त्याच्याच अंगावर येतं. या प्रकाराला मी जुगाड म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

बेंगळुरूत गल्लोगल्ली पोकलेन चालतात, तिथेही हेच. ऑपरेटरच्या डाव्या हाताला एक लॉकचा लिव्हर असतो, बहुतेक लाल मुठीचा. तो ओढला की जॉयस्टिक कितीही हलवली तरी बूम हलत नाही. सीटवरून उठण्याआधी तो ओढायचा असतो. घाईत असलेले ऑपरेटर त्याला तारेनं बांधून ठेवतात, कारण दर वेळी ओढायचा कंटाळा. कारखान्यात मी यावरून पुष्कळ वाद घातलेत. जो लॉक दहा वेळा त्रास देतो, तो अकराव्या वेळी तारेनं बांधला जाणारच. तेव्हा तो अंगठ्याला सहज लागेल असा बनवणं हे आमचं, बनवणाऱ्यांचं काम.

रंगही ओळखून ठेवा. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे लाल रंग इंजिन बंद करण्याच्या बटणाला, नारिंगी गाडीच्या चालीशी संबंधित लिव्हरना, पिवळा पीटीओला, बाकीचे काळे. पीटीओ सहसा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लुंगीचं टोक अडकल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, पोरांनासुद्धा, ते लाल बटण कुठे आहे हे दाखवून ठेवा.

रस्त्यावर डावं आणि उजवं ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलेली आहे का, हेही बघत जा. शेतात वळण घ्यायला ती सोडतात आणि तशीच विसरतात.

दर वर्षी साधारण नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात, जीकेव्हीकेला, कृषी मेळा भरतो. तिथे नवा ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा अश्वशक्ती आणि सबसिडीच्या आधी सीटवर बसून लिव्हर हलवून बघा, विक्रेत्याला लॉक दाखवायला लावा. आणि जुना ट्रॅक्टर घेत असाल तर पेडलखाली वाकून बघाच. तारेनं बांधलेला लिव्हर किंवा ट्यूबचा तुकडा दिसला तर त्यावरून पाच-दहा हजार कमी करून घेऊ नका. मूळ स्प्रिंग आणि खिट्टी बसवून घ्या, उतारावर उभा करून दाखवायला सांगा, आणि मगच पैसे द्या.